घरसंसार : रेघ आणि ओरखडा

गेल्या महिन्यात आमच्या परिचयातील एका घरी जाण्याचा योग आला. हे कुटुंब तीन पिढ्या बडोद्याच्या दांडिया बाजारात राहिलेले. जुन्या घराची जमीन कोटा फरशीची होती. तिच्यावर पाटा सरकला, धान्याची पोती ओढली गेली, मुलांनी भोवरे फिरविले. पण कोणी कधी खाली वाकून ओरखडे मोजले नाहीत. दोन वर्षांपूर्वी मंडळी शहराच्या नव्या भागात सदनिका घेऊन राहावयास गेली. तेथे सर्वत्र पांढऱ्या, चकचकीत टाइल्स आहेत.

आम्ही बसलो असता घरातील काकू भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल चाचपीत बाहेर आल्या. मांडीचे हाड मोडल्यामुळे त्यांची शस्त्रक्रिया झालेली, आणि डॉक्टरांनी वॉकरशिवाय चालू नये असे बजावलेले. तो वॉकर मात्र कोपऱ्यात उभा होता.

“काकू, वॉकर का घेतला नाहीत?” आम्ही विचारले.

“अहो, त्याने फरशीवर ओरखडे पडतात,” काकू हळूच म्हणाल्या. “सूनबाई काही बोलली नाही हो. पण पुसताना तिचा हात त्या जागी थांबतो, ते मला दिसते ना!”

सूनबाई ओशाळल्या. त्यांनी खोलीपासून न्हाणीघरापर्यंत उमटलेल्या करड्या रेघा आम्हांस दाखविल्या. साबणाने त्या निघाल्या नव्हत्या. एका दुकानदाराने ‘ओरखडा गेला तर टाइल बदलूनच जाईल’ असे सांगितल्यामुळे त्यांनी आशा सोडली होती. एका फरशीपायी वृद्ध माणसाने पडण्याचा धोका पत्करावा, ही गोष्ट आमच्या मनास लागली. म्हणून या महिन्यात हाच विषय घेत आहोत.

प्रथम टाइल म्हणजे काय ते पाहू. साध्या सिरॅमिक टाइलमध्ये खाली भाजलेल्या मातीचा थर असतो आणि वर काचेसारखी झिलई. व्हिट्रिफाइड टाइल त्याहून अधिक उष्णतेवर भाजलेली आणि घट्ट असते. ती आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. आपल्याकडील घरांत येणाऱ्या टाइल्सपैकी पुष्कळशा सौराष्ट्रातील मोरबीच्या कारखान्यांत तयार होतात. या टाइल्सचा पृष्ठभाग चांगलाच कठीण असतो. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली पदार्थांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी सांगितली. तीत जिप्सम दोनवर, गारगोटी सातवर आणि हिरा दहावर आहे. टाइलची झिलई साधारणपणे पाच-सहाच्या आसपास येते. ॲल्युमिनियम तर तीनच्याही खाली.

कठीण पदार्थ मऊ पदार्थाला कोरतो; मऊ पदार्थ कठिणावर घासला तर स्वतःच झिजतो. सराफाची कसोटी आठवावी. सोने घासले की काळ्या दगडावर पिवळी रेघ उमटते. ती दगडाला पडलेली चीर नव्हे. ते दगडावर राहिलेले सोने होय. तद्वत् ॲल्युमिनियमचा वॉकर, डबा वा शिडी टाइलवर घासली, तर जी करडी रेघ दिसते ती बहुधा धातूची असते. टाइल जशीच्या तशीच असते.

मग ओळखावे कसे? जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि डोळे मिटून रेघेवरून आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही आणि रेघ करडी वा काळसर असेल, तर तो डाग समजावा. नख अडकले, किंवा तिरप्या प्रकाशात खाच दिसली, तर तो खरा ओरखडा. काकूंच्या खोलीतील एकाही रेघेवर आमचे नख अडकले नाही.

आम्ही वाटीत दोन चमचे खाण्याचा सोडा घेतला, थोडे पाणी घालून त्याचा दाट लेप केला, आणि ओल्या मऊ फडक्याने एक रेघ दोन-तीन मिनिटे घासली. सोड्याचे कण झिलईपेक्षा पुष्कळच मऊ, त्यामुळे टाइलला अपाय होत नाही. रेघ फिकी झाली; दुसऱ्या खेपेस दिसेनाशी झाली. सूनबाई काही न बोलता आमच्या हातातील फडके घेऊन पुढच्या रेघेकडे वळल्या.

सोड्याने न निघणाऱ्या धातूच्या डागास ऑक्झॅलिक आम्ल असलेले टाइलचे द्रावण चालते. मात्र हातमोजे घालावे, आधी एखाद्या कोपऱ्यात वापरून पाहावे, बाटलीवरील सूचनेपेक्षा अधिक वेळ ते ठेवू नये आणि भरपूर पाण्याने धुवावे. आम्लाने सांध्यांतील सिमेंट खराब होते. कोटा, शहाबादी वा संगमरवरी फरशीवर तर कोणतेच आम्ल वापरू नये, कारण हे दगड चुनखडीच्या जातीचे असल्याने आम्लाने खाल्ले जातात. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : आम्लाचे द्रावण आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो.

आता खऱ्या ओरखड्याविषयी. तो घासून जात नाही. झिलई कापली गेली की खालची माती उघडी पडते आणि तीत मळ बसतो. अशी खाच स्वच्छ व पूर्ण कोरडी करून जुळत्या रंगाच्या इपॉक्सीने भरता येते. त्यामुळे ती डोळ्यांत कमी भरते, पण टाइल पूर्ववत् होत नाही. रंग आरपार असलेल्या पॉलिशच्या व्हिट्रिफाइड टाइलवरील बारीक चरे जाणता कारागीर यंत्राने कमी करू शकतो. वर छपाई असलेल्या टाइलवर मात्र हा प्रयोग करू नये, कारण चऱ्यासोबत नक्षीही जाईल. मेण किंवा तेल चोळून ओरखडा झाकण्याचा सल्लाही कित्येक जण देतात. झिलईत ते मुरत नाही. वर राहून जमीन निसरडी मात्र करते. वडीलधारी माणसे असलेल्या घरात हा उपाय ओरखड्याहून वाईट.

टाइलला खरे कोरते ती वाळू. वाळूत गारेचे कण असतात आणि गार झिलईहून कठीण. म्हणून दाराशी बाहेर एक व आत एक पायपुसणे असावे आणि पुसण्यापूर्वी केर नीट काढावा. वाळू न झाडता ओले फडके फिरविणे म्हणजे फरशीवर कानस फिरविणेच होय. तारेची घासणी व खरखरीत पूड वर्ज्य करावी. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावाव्या आणि त्यांत रुतलेले खडे अधूनमधून काढावे. दिवाळीच्या साफसफाईत कपाट ओढू नये. दोघांनी उचलून खाली जुनी गोधडी घालावी आणि मगच सरकवावे. नव्या घरात टाइल्स बसवितानाच चार-पाच जादा ठेवाव्या व खोक्यावरील छटेचा क्रमांक लिहून ठेवावा. त्याच नावाची टाइल पुढे मिळाली, तरी दुसऱ्या भट्टीतील छटा जुळेलच असे नाही.

निघण्यापूर्वी आम्ही काकूंचा वॉकर उलटा करून पाहिला. चारांपैकी दोन पायांची रबरी टोपणे झिजून आरपार गेली होती आणि धातूची कड बाहेर आली होती. रेघा तिच्याच. परंतु रेघांपेक्षा गंभीर गोष्ट अशी, की गुळगुळीत टाइलवर ती कड केव्हाही घसरली असती. म्हणजे फरशीवरील रेघा आपल्याला सावध करीत होत्या आणि आपण मात्र वॉकर दुरुस्त करावयाचा सोडून कोपऱ्यात ठेवला होता. ज्यांच्या घरी वॉकर वा काठी आहे, त्यांनी महिन्यातून एकदा ती उलटी करून पाहावी. टोपणे वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळतात. मात्र ती पायाच्या जाडीप्रमाणे घ्यावी.

सूनबाईंनी दुसऱ्याच दिवशी चारही टोपणे बदलली. परवा आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा दार उघडावयास काकूच आल्या, वॉकर घेऊन. कपाट हलविताना पडलेला एक खरा ओरखडा दिवाणखान्यात अजून आहे. तो भरावा का, असे आम्ही विचारले. “राहू दे,” सूनबाई म्हणाल्या, “आधी आईंच्या न्हाणीघरात धरावयास दांडा बसवावयाचा आहे.”