दोन स्वस्त तिकिटं जोडली, पण मधली विमान कंपनीच बंद झाली तर?

जेटस्टार एशिया ही सिंगापूरची बजेट विमान कंपनी ३१ जुलै २०२५ रोजी बंद झाली. २० वर्षांहून जुनी ही कंपनी सिंगापूरहून बँकॉक, पेनांग, फुकेत, मनिला अशा आशियातल्या १६ मार्गांवर उडत होती. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास समूहाचा तिच्यात ४९ टक्के वाटा होता. वाढते विमानतळ शुल्क, पुरवठादारांचे चढे दर आणि तीव्र स्पर्धा ही कारणं कंपनीने दिली. तिची १३ विमानं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे वळवायचं ठरलं.

इथे एक गोंधळ झाला. अनेकांना वाटलं, जेटस्टारच बंद झाली. तसं नाही. ऑस्ट्रेलियातून सिंगापूरला येणारी जेटस्टार एअरवेज ही वेगळी कंपनी आहे आणि ती सुरूच राहिली. नाव आणि रंग सारखे असले तरी फ्लाइट नंबर वेगळा असायचा: एकीचा कोड जेक्यू, दुसरीचा थ्री-के. म्हणजे मेलबर्नहून सिंगापूरपर्यंत यायची सोय राहिली, पण त्याच समूहाच्या विमानाने पुढे जाण्याची कडी तुटली.

खरा प्रश्न पीएनआरचा

पीएनआर म्हणजे बुकिंगचा सहा अक्षरी कोड. दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर असतील तर विमान कंपनीच्या सिस्टीमला तुमचा प्रवास एकच दिसतो. पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं, तर पुढची सोय लावणं ही कंपनीची जबाबदारी. बॅगही बहुतेक वेळा थेट शेवटच्या मुक्कामी जाते.

पण तिकीट शोधणाऱ्या वेबसाइट आणखी एक गोष्ट करतात. एकमेकींशी काहीही करार नसलेल्या दोन कंपन्यांच्या फ्लाइट त्या फक्त किंमत आणि वेळ बघून शेजारी ठेवतात. याला ‘सेल्फ ट्रान्सफर’ म्हणतात. स्क्रीनवर तो एकच प्रवास दिसतो, प्रत्यक्षात मात्र ते दोन स्वतंत्र व्यवहार असतात. पहिल्या कंपनीला दुसरं तिकीट माहीतच नसतं.

आता समजा, यातली एक कंपनी बंद झाली किंवा तिने मार्ग रद्द केला. ती पैसे परत देईल, पण फक्त आपल्या तुकड्याचे. जेटस्टार एशियाने पूर्ण रिफंड देऊ केला होता. मात्र दुसऱ्या कंपनीच्या लेखी तिचं विमान वेळेवरच आहे. तुम्ही नाही आलात तर ‘नो-शो’. बजेट तिकिटावर तिथे हाती फारसं काही लागत नाही.

आपल्या पासपोर्टची अडचण

सेल्फ ट्रान्सफरमध्ये चेक-इन केलेली बॅग मध्ये उतरवून घ्यावी लागते. त्यासाठी इमिग्रेशन पार करून बाहेर यायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरमध्ये प्रवेशासाठी साधारणपणे व्हिसा लागतो. ठरावीक अटींवर व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सवलत आहे, पण त्या अटींत तुम्ही बसता का, हे आधीच बघावं लागतं. नाहीतर विमानात चढण्याआधी मेलबर्नच्या काउंटरवरच अडवतील.

आई-बाबांसाठी मी असंच मेलबर्न–सिंगापूर–मुंबई जोडतिकीट बघत होतो. आकडा बघून खूश झालो. मग त्यात दोघांच्या बॅगांचे पैसे आणि खाणं मिळवलं, तेव्हा वाचणारी रक्कम बरीच खाली आली. उरलेल्या फरकासाठी दोन ज्येष्ठ माणसांनी परक्या विमानतळावर बॅगा ओढत फिरावं, हे मला पटेना. एकाच पीएनआरचं तिकीट काढलं.

बुक करण्याआधी एवढं बघा

- दोन्ही फ्लाइटचा पीएनआर एकच आहे का? वेबसाइटचा स्वतःचा बुकिंग नंबर म्हणजे पीएनआर नव्हे.
- पानावर कुठे बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलंय का?
- विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी उडवणार आहे?
- वेबसाइट ‘कनेक्शन गॅरंटी’ देत असेल, तर मार्गच रद्द झाल्यावर ती लागू होते का?

सेल्फ ट्रान्सफर वाईटच असं माझं म्हणणं नाही. एकटे असाल, फक्त हातातली बॅग असेल आणि मध्ये एखादा दिवस मुक्काम असेल तर जरूर वापरा. स्कूट किंवा एअरएशियासारख्या बजेट कंपन्यासुद्धा स्वतःच्याच दोन फ्लाइट एका बुकिंगमध्ये जोडून देतात, तो मधला मार्ग आहे. फक्त एक लक्षात असू द्या: बजेट कंपन्या मार्ग झटपट सुरू करतात आणि तितक्याच झटपट बंदही करतात. त्या बदलाचा धोका कंपनीने घ्यायचा की तुम्ही, हे पीएनआर ठरवतो.