‘कोण बोलतंय?’ या प्रश्नाचे काय झाले

अमेरिकेतील एओएल या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप इंटरनेट सेवा बंद केली. ती तोवर चालू होती, हीच अनेकांना बातमी वाटावी. मोडेमची ती खरखर आणि पानाची एकेक ओळ उमटण्याची वाट पाहणे यांविषयी आठवणरंजन पुष्कळ होऊ शकते. आमच्या मते मात्र त्या काळातील एक किरकोळ भासणारी अडचण अधिक विचार करण्याजोगी आहे. इंटरनेट चालू असताना आलेला फोन कोणाचा, हे कसे ओळखावे, ही ती अडचण. तिच्यावर जे उपाय शोधले गेले, त्यांतून फोन करणारा आणि फोन घेणारा यांच्यातील नाते पालटत गेले. त्या पालटाचा पुढचा टप्पा आज आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे.

अडचण समजून घेण्यास सोपी आहे. घरात तांब्याच्या तारांची एकच जोडी येई. मोडेम संगणकाची माहिती मानवी आवाजासाठी राखलेल्या पट्ट्यात बसवून त्याच तारेतून पाठवी. म्हणजे एक्स्चेंजच्या दृष्टीने कोणीतरी तासन्‌तास बोलत बसलेले असे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली, आणि पुढील काही वर्षांत ‘तुमचा फोन सारखा एंगेज येतोय’ ही तक्रार मध्यमवर्गीय मराठी घरांत नित्याची झाली. मुलगा नेटवर बसला की आत्याचा फोन लागत नसे, आणि परदेशातून ठरल्या वेळी फोन करणाऱ्या लेकीलाही तोच एंगेज टोन ऐकावा लागे.

यावर ‘कॉल वेटिंग’ हा उपाय पुरेसा नव्हता. दुसरा फोन आल्याची सूचना देणारा सूर बोलणाऱ्या माणसाला कळतो. मोडेमला मात्र तो केवळ व्यत्यय वाटे आणि पुष्कळदा जोडणीच तुटे. म्हणून अमेरिकेत लोक मोडेमला आधी तारांकित सत्तर हा क्रमांक फिरवायला शिकवीत, जेणेकरून तेवढ्या वेळेपुरते कॉल वेटिंग बंद राही. बोलणे चालू असताना दुसऱ्या कॉलचा नंबर दाखवण्याची तेथील पद्धत तर एक छोटा संवादच होता. एक्स्चेंज २१३० आणि २७५० हर्ट्‌झचा जोडसूर पाठवी, फोनयंत्र क्षणभर बोलणाऱ्याचा आवाज दाबून ‘तयार आहे’ असे उत्तर देई, आणि मग सेकंदाला १२०० बिट या गतीने नंबर येई. तारेवर मोडेमची अखंड बडबड चालू असता या संवादाला जागा नव्हती.

मग वाट निघाली ती वळसा घालून. कॅलिफोर्नियातील कॉलवेव्ह या कंपनीच्या सेवेत, लाइन व्यस्त असेल तेव्हा येणारा कॉल कंपनीच्या यंत्रणेकडे वळवला जाई. ती यंत्रणा नंबर ओळखून इंटरनेटवरूनच आपल्या पडद्यावर एक लहानशी चौकट उघडी. फोन करणारा निरोप ठेवू लागला की तो संगणकाच्या स्पीकरवर ऐकूही येई. ज्या तारेने फोनचा रस्ता अडवला होता, तिच्यातूनच फोनची वर्दी आत येई. पुढे २००० साली मान्य झालेल्या व्ही.९२ या मोडेम-मानकात इंटरनेटची जोडणी काही काळ थोपवून फोन घेण्याची सोयही आली. आपल्याकडे या साऱ्याचा फारसा प्रसार होण्याआधीच मोबाइल हातोहाती झाला आणि २००३ मध्ये त्यावर येणारे कॉल निःशुल्क झाले. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने ब्रॉडबँड आणले. त्यात त्याच तारेवर आवाज आणि इंटरनेट वेगवेगळ्या कंप्रतांवर नांदू लागले, आणि अडचण तांत्रिक दृष्ट्या संपली.

ती संपताना मागे काय ठेवून गेली, हा आमचा प्रश्न आहे. एंगेज टोन हे उत्तर रुक्ष होते. पण ते सर्वांना सारखे होते. साहेबांनाही तेच, वर्गणी मागणाऱ्यालाही तेच. फोन न लागण्यामागे कोणाचा निर्णय नव्हता, म्हणून त्यात अपमानही नव्हता. पडद्यावरील त्या चौकटीने हे बदलले. आता आपण हातातील काम न सोडता, कोण आले आहे ते आतून पाहून दार उघडायचे की नाही हे ठरवू लागलो. व्यस्त असणे ही स्थिती होती, तिचा निर्णय झाला. नंबर दाखवणारी डबी फोनशेजारी आधीही असे. पण आपण दुसरीकडे गुंतलेलो असताना, बाहेरच्याला पत्ता लागू न देता निवड करण्याची आजची आपली सवय त्या चौकटीत प्रथम स्पष्ट दिसते. मोबाइलने ती प्रत्येकाच्या खिशात पोचवली.

या निवडीतून घेणाऱ्याला मिळालेली सत्ता करणाऱ्याकडून काढून घेतलेली होती, हे अमेरिकेत लवकर ओळखले गेले. तेथे नंबर दाखवण्याच्या सेवेवर मोठा वाद झाला. छळ सोसून आसऱ्याला गेलेल्या स्त्रीने घरी फोन केला तर तिचा ठावठिकाणा उघड होईल, हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता. १९९० मध्ये पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने ही सेवा त्या राज्याच्या संभाषण-चोरीविरोधी कायद्यात बसत नाही, असा निर्णय दिला. अखेर १ डिसेंबर १९९५ पासून देशभर लागू झालेल्या नियमांत तोडगा निघाला. नंबर दिसेल, पण कोणालाही तारांकित सदुसष्ट फिरवून त्या कॉलपुरता तो विनामूल्य लपवता येईल. पाहण्याचा हक्क एकाला दिला, तेव्हा न दाखवण्याचा हक्क दुसऱ्याला दिला गेला.

आपल्याकडे असा वाद झाला नाही. त्याचे एक कारण असे असावे की, मराठी माणसाने फोनवर स्वतःची ओळख देण्याची एक सूक्ष्म रीत आधीच घडवली होती. ‘कोण बोलतंय?’ या प्रश्नाला ‘मी सुनंदा’, ‘देशपांडे बोलतोय’, ‘वरच्या मजल्यावरून बोलतेय’, ‘सरांचा विद्यार्थी’, ‘तुम्ही मला ओळखत नाही, पण’ अशी नाना उत्तरे होती. कोणापाशी नुसते नाव सांगायचे, कोठे आडनाव पुढे करायचे, कोठे केवळ नाते वा काम सांगून भागवायचे, हे बोलणारा ठरवी. भाषेच्या अभ्यासकांना यात शिष्टाचार दिसेल. आम्हांला त्याबरोबर एक स्वातंत्र्यही दिसते. आपली ओळख कोणत्या टोकाने धरायला द्यावी, याचे ते स्वातंत्र्य.

आता ते पणाला लागले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिफारस केली की फोन करणाऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या पडद्यावर दिसावे. हे नाव सिमकार्ड घेताना भरलेल्या ग्राहक-अर्जातील असेल. ही सेवा मुळातच चालू असावी आणि ज्याला नावे पाहणे नको असेल त्याने ती बंद करून घ्यावी, या दिशेने २०२५ मध्ये दूरसंचार विभाग आणि ट्राय यांच्यात सहमतीही झाली. नंबर न दाखवण्याची खास सवलत ज्यांना मंजूर झालेली आहे, त्यांचे नाव दिसणार नाही. थोडक्यात, पाहणाऱ्याला पर्याय आहे आणि मोजक्या विशेषांना आडोसा आहे. सामान्य फोन करणाऱ्याला मात्र काहीच नाही.

नंबर आणि नाव यांत फरक आहे. दहा अंकांवरून माणसाची जात कळत नाही. आपल्या आडनावावरून ती कळते, किंवा कळली असे समोरचा समजतो. धर्म तर कळतोच. भाड्याने घर शोधणारा तरुण, जाहिरात वाचून कामाची चौकशी करणारी बाई, नवा विक्रेता यांना आजवर निदान चार वाक्ये बोलायची संधी मिळे. आवाज, बोलण्याची रीत, कामाची माहिती यांनी अनुकूल मत होऊ शके आणि आडनाव पाचव्या वाक्यात येई. आता ते पहिल्या वाक्याच्याही आधी येईल. ‘जागा गेली’ हे सांगण्याचीही गरज उरणार नाही. फोन उचलला जाणार नाही, आणि तो का उचलला गेला नाही हे कधीही सिद्ध करता येणार नाही. शिवाय कित्येक घरांत बायकोचे सिम नवऱ्याच्या आणि मुलीचे बापाच्या नावावर असते. तेथे बोलणारी एक आणि ओळख दुसऱ्याचीच, असे होईल.

यावरील आक्षेप आम्ही हलका मानत नाही. बनावट पोलीस बनून ‘डिजिटल अटके’ची भीती घालणाऱ्यांनी वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुटली आहे. अनोळखी नंबर उचलताना आज भय वाटते, आणि नाव दिसल्याने काही जण सावध होतील हे खरे आहे. परंतु दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिम मिळवणाऱ्या भामट्याला कोणाचे तरी खरेखुरे, सभ्य नाव आयतेच मिळेल, आणि त्यावर सरकारमान्य ओळखीची मोहोर असेल. ट्रूकॉलरसारख्या ॲपमधून नावे आताही दिसतात, हेही खरे. तथापि एका खाजगी ॲपवर विसंबणे आणि अर्जातील अधिकृत नाव प्रत्येकाच्या पडद्यावर आपोआप झळकणे, यांत अंतर आहे.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. बँका, कंपन्या, कार्यालये यांची नावे अवश्य पूर्ण दिसावीत. त्यांना लपण्याचे कारण नाही. व्यक्तीच्या बाबतीत मात्र पूर्ण नाव, केवळ पहिले नाव किंवा नुसता नंबर, यांतून निवडण्याचा अधिकार फोन करणाऱ्याला असावा, आणि तो कोणाच्या मंजुरीवर अवलंबून नसावा. तपासयंत्रणांपाशी पूर्ण माहिती असतेच. या निवडीने त्यांचे काही अडणार नाही. ज्याला निनावी फोन घ्यायचे नसतील, त्याने ते खुशाल घेऊ नयेत. त्या नकारात निदान माणसाचे आडनाव दोषी नसेल.

‘कोण बोलतंय?’ हा प्रश्न यंत्राला विचारला की यंत्र अर्जातले नाव सांगते. माणसाला विचारला की तो स्वतःविषयी सांगू लागतो. हा प्रश्न आपण माणसालाच विचारत राहावे, असे आम्हांला वाटते.