खाणपट्ट्याआधी नावांची नोंद हवी

वैनगंगेच्या खोऱ्यातील खाणकामाची हकिगत सहसा १८९६ पासून सांगितली जाते. त्या वर्षी मध्य प्रांतात खनिजे शोधण्यासाठी एक सिंडिकेट उभे राहिले, पुढे त्याची ब्रिटिश कंपनी झाली आणि १९६२ मध्ये त्यातूनच आजच्या ‘मॉइल’ या मँगनीज कंपनीची घडण झाली. हकिगत खरी आहे, पण ती फार उशिरा सुरू होते. या खोऱ्यात माणूस किमान अडीच हजार वर्षे जमिनीतून धातू काढतो आहे, आणि त्या दीर्घ काळातली बरीचशी कामगिरी कोणत्याही दप्तरात नाही. ती गावांच्या, टेकड्यांच्या, नाल्यांच्या नावांत थोडीफार उरली आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, नवा खाणपट्टा देण्याआधी त्या शिवारातील सगळ्या जुन्या नावांची सरकारी नोंद झाली पाहिजे आणि ती पुरावा म्हणून धरली गेली पाहिजे. हौशी मंडळींच्या छंदावर हे काम सोडून चालणार नाही.

आधी भूगोल. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टच्या काळ्या थराखाली झाकलेला आहे. नागपूरच्या आसपास हा थर संपतो आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाटला वळसा घालून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून उतरते, वाटेत कन्हान, बाघ, चुलबंद, गाढवी, खोब्रागडी यांना पोटात घेते आणि चपराळ्याजवळ वर्धेला भेटून प्राणहिता होते. राज्याचे बहुतेक मँगनीज आणि बरेचसे लोहखनिज या उघड्या पडलेल्या पूर्व पट्ट्यात सापडते, ते यामुळेच. इथल्या माणसाला धातूची ओळख व्हायला भूगर्भशास्त्रज्ञाची वाट पाहावी लागली नाही. खनिज डोंगराच्या अंगावर दिसत होते.

नावे किती टिकतात याचा एक भक्कम दाखला आहे. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा १११४ मधला रतनपूरचा शिलालेख त्याला खंडणी देणाऱ्या मुलखांची यादी देतो. त्या यादीत वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावे येतात. वैरागड, लांजी आणि भंडारा. तिन्ही वैनगंगेच्या खोऱ्यातली, आणि नऊशे वर्षांनंतरही सहज ओळखू येणारी. यातले वैरागड आज आरमोरी तालुक्यात खोब्रागडीच्या काठी आहे. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे, आणि वैरागडचा संबंध ‘वज्र’ म्हणजे हिऱ्याशी जोडण्याला त्यामुळे बळ मिळते. स्थानिक परंपरा हे नाव वैरोचन राजावरून आल्याचे सांगते. दोन्ही मते शेजारी ठेवून वाचावीत, कारण एक मत मुलखाच्या संपत्तीचे आहे आणि दुसरे त्या मुलखाने स्वतःबद्दल जपलेल्या आठवणीचे. हिऱ्यांच्या त्या खाणी कधीच्याच थंडावल्या. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

लोखंडाची साक्ष याहून स्पष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात लोहारा आणि पिंपळगाव इथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील लोखंडावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला आणि पोलाद कारखान्याच्या कल्पनेने तिथून मूळ धरले. १९०४ मध्ये दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांनी लोहाऱ्याचा परिसर पालथा घातला. खनिज चांगले निघाले, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नव्हते. मग नागपूरच्या संग्रहालयातील एका भूशास्त्रीय नकाशाने त्यांना दुर्ग भागातल्या डल्ली-राजहऱ्याकडे वळवले आणि शेवटी कारखाना मयूरभंजच्या खनिजावर साकचीला उभा राहिला. साकचीचे १९१९ मध्ये जमशेदपूर झाले. या गोष्टीत लोहारा हे अपयशाचे एक ठिकाण म्हणून येते आणि मागे पडते. पण लोहाऱ्याला ते नाव टाटांच्या कितीतरी आधी मिळालेले होते, आणि ज्यांच्या कामावरून मिळाले असावे त्यांचा उल्लेख या गोष्टीत नसतो.

त्यांचे काम कसे चाले, हे मध्य भारतातील अगरिया लोहारांच्या वर्णनांवरून नीट कळते. व्हेरिअर एल्विनने १९४२ मध्ये त्यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. मातीची, जेमतेम माणसाच्या छातीइतकी उंच भट्टी. तिच्यात आळीपाळीने लोणारी कोळसा आणि फोडलेले खनिज. खाली कातडी मढवलेले दोन भाते, त्यांवर उभे राहून एकेक पाय दाबायचा. पाय उचलला की बांधलेला लवचीक बांबू भात्याचे कातडे वर ओढून घेई. काही तासांनी तळाशी लोखंडाचा सच्छिद्र गोळा जमे आणि मळी बाहेर वाहून थिजे. ही मळी दगडासारखी काळी, हाताला जड, अंगावर वाहिल्याच्या वळ्या आणि हवेच्या बुडबुड्यांची भोके असलेली असते. ती कुजत नाही, गंजून नाहीशी होत नाही आणि शेतकऱ्याच्या नांगराला शतकानुशतके लागत राहते. रेल्वेने स्वस्त परदेशी लोखंड आणले, १८७८ च्या वन कायद्यानंतर कोळशासाठी लाकूड तोडणे अवघड झाले, आणि भट्ट्या विझल्या. राहिली मळी आणि राहिली नावे.

आता मँगनीजकडे पाहा. चिखला, डोंगरी बुजुर्ग, बेलडोंगरी, कांद्री, मनसर, तिरोडी, उकवा, भरवेली. या खोऱ्यातल्या मँगनीजच्या खाणींच्या या गावांपैकी एकाच्याही नावात धातूचा मागमूस नाही. डोंगर आहे, बेल आहे, चिखल आहे. बालाघाटची भरवेली ही देशातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींपैकी एक, तिथेही तेच. लोकांनी हा काळा जड दगड पाहिला नव्हता असे मुळीच नाही. तो टेकडीवर उघडा होता. त्याचा उपयोग नव्हता म्हणून त्याला नाव मिळाले नाही. भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव, आणि त्याचे नाव ‘भाणा’ म्हणजे पितळी ताटाशी जोडले जाते. पितळेला लागणारा धातू बाहेरून येई, तरी नाव कारागिरीचे पडले. म्हणजे गावाचे नाव जमिनीखाली काय आहे हे सांगत नाही, तिथे माणसांनी काय केले हे सांगते. इतिहासाला नेमके तेच हवे असते. पुढे शास्त्रज्ञांनी याच मुलखातून नावे उचलली: मँगनीजयुक्त खडकाला फर्मोरने गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटले, तिरोडीवरून ‘तिरोडाइट’ हे खनिजनाम आले. शास्त्राला ही नावे जपण्यालायक वाटली, महसूल खात्यालाही वाटायला हवीत.

नावांवर विसंबणे धोक्याचे आहे हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. धाराशिव जिल्ह्यातही लोहारा आहे, तालुक्याचे ठिकाण आहे, आणि ते निखळ बेसॉल्टवर वसले आहे. तिथे लोहार असतील, खाण नाही. उलट नागपूर जिल्ह्यात पेंचच्या काठी नायकुंड या गावात १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात लोखंड वितळवण्याची भट्टी मिळाली. ती महापाषाण संस्कृतीच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या कित्येक शतके आधीची, आणि गावाच्या नावात लोखंडाचा गंधही नाही. मग नाव कशाला हवे? कारण नाव हा निकाल नसून सूचना आहे. नावावरून कुठे पाहायचे ते ठरते, जमिनीवरच्या मळीवरून खात्री होते आणि शिलालेख-दप्तरांवरून काळ ठरतो. तिन्ही एकत्र आल्यावर इतिहास उभा राहतो. त्यातले मळी आणि दप्तर हे दोन उद्याही शोधता येतील. नावे मात्र ती उच्चारणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच मिळतील. गोंडी बोलीतील टेकड्यांची आणि ओढ्यांची नावे तर बहुतेक कागदावर आलेलीच नाहीत, किंवा मोजणीदाराच्या कानाला जशी लागली तशी मोडून आली आहेत.

दुसरा आक्षेप विकासवाद्यांचा: ड्रोन आहेत, उपग्रह आहेत, बोअरहोल आहेत, नावांनी खनिज थोडेच निघणार? निघणार नाही. पण नावांशी हक्क निगडित आहेत. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांतील नियम १३ दाव्यासाठी गॅझेटियर, मोजणी नकाशे, गावातील वडीलधाऱ्यांचे निवेदन, दफनभूमी, देवस्थाने, विहिरी हे सारे पुरावे म्हणून मान्य करतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो आपल्या जंगलाची हद्द आणि वापर गावाने स्वतः बारकाईने मांडल्यामुळे. ज्या टेकडीला नाव आहे तिच्यावर कोणाचा वावर होता हे सांगता येते. खाणपट्ट्याच्या अर्जात ती नुसती क्रमांकाचा चौकोन झाली की ते सांगणे अवघड होते. आणि या नावांचा खाणवाल्यांनाही उपयोग आहे. जुने खड्डे, बुजलेल्या विहिरी, पाण्याचे झरे यांची खूण पुष्कळदा शिवाराच्या नावातच असते, आणि ती आधी कळलेली बरी.

उशीर होतो आहे. गोसे खुर्दच्या धरणासाठी भंडारा-नागपूरकडची गावे उठली, पुनर्वसित वसाहतींना जुनी गावनावे मिळाली, पण पाण्याखाली गेलेल्या शेतांची, पांदणींची, घाटांची नावे बरोबर आली नाहीत. आता गडचिरोलीत लोहखनिजाचे काम वेगाने वाढते आहे आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद कारखाना उभा राहतो आहे. खाणपट्ट्याच्या पर्यावरण आघात अहवालात सामाजिक-सांस्कृतिक भाग असतोच. ग्रामसभेने मंजूर केलेली नावांची यादी, प्रत्येक नावाबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश आणि सांगणाऱ्याच्या उच्चाराचे ध्वनिमुद्रण, त्या भागाला सक्तीने जोडता येईल. खर्चाची अडचण नाही. खाण व खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणग्रस्त जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे आणि शिक्षण हा त्याच्या निधीचा एक मान्य विषय आहे. गावातल्या शाळेच्या वरच्या वर्गांना आणि गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हे काम देता येईल, मोजणी खात्याने फक्त तपासून नकाशावर चढवायचे. यादी जाहीर झाल्याशिवाय त्या शिवारात पहिला सुरुंग लागू नये, एवढी अट पट्ट्याच्या कागदात घालायला नवा कायदाही लागणार नाही.