नायट्याची ‘चांगली ट्यूब’: खाज थांबवते, नायटा वाढवते

पावसाळा सुरू झाला की जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली लाल गोल चट्टे घेऊन रुग्ण येऊ लागतात. अनेकांच्या पिशवीत एक अर्धी पिळलेली ट्यूब असते. कुठून आणली विचारलं की उत्तर ठरलेलं: “मेडिकलमधून. लावली की दोन दिवसांत आराम पडतो, बंद केली की परत येतं.”

असा अनुभव तुम्हालाही येत असेल, तर त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. आणि नायट्यावर नुसत्या अंदाजाने स्टिरॉइड लावणं हा उपचार नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

आत नेमकं काय घडतं?

नायटा, म्हणजेच गजकर्ण किंवा दाद, हा बुरशीचा संसर्ग आहे. बुरशी त्वचेत शिरली की शरीर तिच्याशी लढतं. लाली आणि खाज ही त्या लढाईची खूण. स्टिरॉइड ही लढाईच थांबवतं. लाली जाते, खाज जाते, तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं. बुरशी मात्र जिवंत असते आणि आता तिला अडवणारं कोणी नसतं. ती पसरते. मलम थांबवलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन दिसतो, कधी गोलात गोल उमटतो, कधी नायट्याचं मूळ रूपच इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

दुकानात मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड अशी तीन-चार औषधं एकत्र असतात. “सगळ्यावर चालते” असं सांगून ती दिली जाते. सगळ्यावर चालणारी ट्यूब याचा अर्थ इतकाच, की तुम्हाला काय झालंय हे कोणी पाहिलेलं नाही.

किंमत कोण मोजतं?

क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र स्टिरॉइड मलमांपैकी एक. योग्य आजारातही ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये असा नियम आहे. आपल्याकडे लोक ते जांघेत महिनोन्‌महिने लावतात. तिथली त्वचा पातळ आणि घडीतली, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं. त्वचा आणखी पातळ होते आणि पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तसे चरे पडतात. हे चरे कायमचे राहतात. चेहऱ्यावर लावल्यास मुरमं, लाली, बारीक केस येतात आणि मलम सोडलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. गोरं होण्यासाठी अशी क्रीम वापरणाऱ्या मुलींची हीच गत होते. लहान मुलांत औषध रक्तात जाऊन वाढीवरही परिणाम होऊ शकतो.

“पण डॉक्टरकडे जायला वेळ आणि पैसा कुठे आहे?”

ही अडचण खरी आहे. मजुरी बुडवून तालुक्याला जाणं सोपं नसतं. पण हिशोब करून पाहा. वर्षभर दर महिन्याला एक ट्यूब, मग घरातल्या चौघांना लागण, आणि शेवटी डॉक्टरकडे जावं लागतंच. तोवर साध्या उपचाराने बरा होणारा आजार चिवट झालेला असतो.

दोष फक्त रुग्णाचा नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात. अशी मिश्रणं बनवणारे, चिठ्ठी न मागता विकणारे आणि तपासण्याचा कंटाळा करून लिहून देणारे आमचेच काही व्यवसायबंधू, सगळे यात भागीदार आहेत.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस यांवर ते उत्तम काम करतं. डॉक्टरांनी अशा आजारासाठी दिलं असेल तर घाबरून बंद करू नका. माझा विरोध आहे तो निदानाशिवाय ते लावण्याला.

आता काय कराल?

* ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ती स्टिरॉइडची ट्यूब आहे. नायट्यावर ती स्वतःहून लावू नका.
* चेहऱ्यावर अशी क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर ती कशी सोडायची हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.
* बुरशीचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.
* खाज गेली म्हणून थांबू नका. चट्टा पूर्ण गेल्यावरही साधारण दोन आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस, मलम चालू ठेवा.
* शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या घेऊ नका. इट्राकोनाझोल हृदय कमकुवत असलेल्यांना धोक्याचं ठरू शकतं आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत चालत नाही.
* टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा, उन्हात वाळवा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी करा. नाहीतर तोच नायटा घरात फिरत राहतो.

सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचाविभाग असतो, तिथे कमी खर्चात तपासणी होते. दुकानात जाऊन “खाजेवर एखादी चांगली ट्यूब द्या” म्हणण्याआधी एकदा तिथे जाऊन नक्की काय झालंय ते विचारा.