दर्याला नारळ, शिवाराला आंबील

नारळी पौर्णिमा म्हटलं की आपल्या नांदेड-लातूरकडं राखीच आठवते. दर्याचा आणि आपला संबंध तो काय? समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तरी आज या सणावर लिहितोय. मराठवाड्याला आज ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे, ती कोळी बांधवांनी या सणात सांभाळून ठेवलीय असं मला वाटतं.

मागं एकदा कामानिमित्त मुंबईत होतो तेव्हा वरळी कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा बघितली. मी फार देवधर्म करणारा माणूस नाही. पण त्या गल्ल्यांतून सजवलेला नारळ वाजतगाजत निघाला, अंगभर दागिने घातलेल्या बाया, म्हातारे, कडेवरची लेकरं, सगळे त्याच्या मागं चालत बंदरावर गेले आणि दर्याला हात जोडून उभे राहिले, तेव्हा बाजूला उभं राहून नुसतं बघणं जमलं नाही. आपोआप हात जोडले गेले. कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण, कुठले.

आता मिरवणुका आपल्याकडंही कमी नाहीत. डीजे तर त्यांच्यापेक्षा मोठा! मला भावलं ते मिरवणुकीच्या आधीचं.

नारळी पौर्णिमेआधी कोळी समाज दोन महिने थांबलेला असतो. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, राज्याच्या समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. दर्या खवळलेला असतो हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. याच दिवसांत बरेच मासे अंडी घालतात. आज अंड्यावरची मासळी ओढली तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, जाळी दुरुस्त करायची, सुकी मासळी विकून घर चालवायचं. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे, पण पावसाळ्यात होड्या बाहेर काढून ठेवायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. एवढं थांबून झाल्यावर मग नारळ अर्पण करायचा आणि दर्याला म्हणायचं, आता आम्हाला येऊ दे.

म्हणजे आधी संयम, मग सण. ज्याची पूजा करायची, त्याला आधी विसावा द्यायचा. मला तरी श्रद्धेचा याहून सरळ अर्थ माहीत नाही.

सगळं गोड आहे असं नाही. पर्ससीन जाळ्यांवर राज्यानं २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी चोरून चालतंच. एक मोठी बोट नियम मोडते आणि शंभर लहान होड्यांच्या वाट्याचं घेऊन जाते. गंमत बघा, बंदीचे दिवस आणखी वाढवा, १५ ऑगस्टपर्यंत न्या, अशी मागणी मच्छीमार संघटनांकडूनच होते. ज्यांची कमाई बुडते तेच म्हणतात, आम्हाला अजून थांबवा! अट एकच, सगळ्यांना थांबवा.

अशी एकी असली की सरकारलाही ऐकावं लागतं. कोस्टल रोडच्या वरळीजवळच्या पुलाच्या खांबांमधून होड्या नीट जाणार नाहीत म्हणून तिथले मच्छीमार कित्येक महिने अडून बसले. शेवटी ६० मीटरचं अंतर १२० मीटर करायचं २०२२ च्या डिसेंबरात मान्य झालं. एकेकटा गेला असता तर साहेबाच्या केबिनबाहेर बसून परत आला असता.

आता आपल्याकडं या.

आपल्याकडं असा सण नाही का? आहे की! येळवस. लातूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या नांदेडच्या तालुक्यांत वेळा अमावास्येला गावं ओस पडतात, सगळे शिवारात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, माठातली आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात. पिकावर आंबील शिंपडतात. वरळीत जे बघितलं तेच हे. तिकडं दर्या, इकडं काळी आई.

फरक एकच. त्यांच्या सणाआधी ६१ दिवसांचा विसावा आहे, आपल्या सणाला मागं-पुढं कुठलंच बंधन नाही. सकाळी त्या मातीला हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथंच आणखी एक बोअर मारायचा. शेजाऱ्यानं पाचशे फूट मारला तर आपण सातशे. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. दोन पाऊसकाळ चांगले झाले की आपण विसरून जातो. नांदेडकरांनीही हसू नये. गोदावरीला गंगा म्हणायचं, घाटावर आरती करायची आणि शहराच्या नाल्याचं पाणी तिच्यातच सोडायचं. जाळं घेऊन पात्रात उतरणाऱ्या भोई बांधवांना विचारा नदीची तब्येत.

कुणी म्हणेल, ऊस नाही लावायचा तर काय लावायचं? सोयाबीनला भाव नाही, उसाला निदान कारखाना आहे, एफआरपी आहे. शंभर टक्के खरंय. दुसऱ्या पिकाला भाव मिळेपर्यंत एकट्या शेतकऱ्याला त्यागाचं प्रवचन देणं हा लबाडपणा आहे. पण कोळीही एकटा थांबत नाही. सगळे एकाच दिवशी थांबतात, म्हणून जमतं. हिवरेबाजारनं हेच केलं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पीक ठरवायचं. नियम सगळ्या गावाला एक.

म्हणून एक सूचना करतो. येळवस डिसेंबर-जानेवारीत येते. उन्हाळी पीक घ्यायचं की नाही हे ठरवायची वेळ नेमकी तीच. अख्खं गाव त्या दिवशी शिवारातच असतं. आंबील पिऊन झाली की आपापल्या विहिरीत दोर सोडा, पाणी किती हात आहे ते मोजा. संध्याकाळी पारावर सगळ्यांचे आकडे मांडा. प्यायला किती, जनावराला किती, उरलं तर पिकाला किती. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत नवा बोअर नाही, एवढं एक जरी सगळ्यांनी मिळून ठरवलं तरी पुष्कळ झालं. लिहून काढा आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या.

हे राजकारण नाही, पक्ष नाही, जातही नाही. विहिरीचा तळ सगळ्यांना सारखाच दिसतो.

तुमच्या गावात असा एखादा नियम कधी पाळला जात होता का? जुन्या माणसांना विचारून खाली लिहा.