नकाशावर गाव, डोंगरावर वाडी

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. ही वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती एस. टी.च्या चालकामुळे. नित्याची फेरी घेऊन तो आला आणि जेथे घरे असावयाची तेथे त्याला मातीचा ढीग दिसला. दीडशेहून अधिक माणसे त्या ढिगाखाली गेली. भारतीय अवकाश संशोधन संघटनेने 'भुवन' ही नकाशासेवा सुरू करून त्या वेळी पाच वर्षे लोटली होती. उपग्रहाने दरड अडवावी अशी अपेक्षा कोणीही करणार नाही. परंतु डोंगर कोठे ठिसूळ आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोण राहते, या दोन गोष्टी आधीच एका कागदावर आणणे शक्य होते की नव्हते, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला आणि मावळासारख्या तालुक्यापुढे तो आजही उभा आहे.

मावळाला हे संकट अपरिचित नाही. माळीणच्या पंचवीस वर्षे आधी, १९८९ च्या जुलैत, याच तालुक्यातील भाजे गावावर दरड कोसळून अनेकांचा बळी गेला होता. लेणी पाहावयास येणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

माळीणनंतर शासनयंत्रणा स्वस्थ बसली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने २०१४ पासून देशातील सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर डोंगराळ प्रदेशाची दरडप्रवणता नकाशांवर उतरविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. उताराची तीव्रता, खडकावरील मातीच्या थराची जाडी, ओढ्यांची ठेवण, झाडोरा, जमिनीचा वापर असे एकेक पदर संगणकावर एकमेकांवर ठेवून आणि पूर्वी कोसळलेल्या दरडींशी ते ताडून हे नकाशे सिद्ध होतात. 'भूकोश' या संकेतस्थळावर ते कोणासही पाहता येतात. शास्त्रज्ञांचे हे काम मोठेच आहे. तरीही १९ जुलै २०२३ च्या रात्री, खंडाळ्याचा घाट उतरताच लागणाऱ्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या अंगावरील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले.

यादीत नव्हती, याचा अर्थ काय होतो ते पाहिले पाहिजे. देशव्यापी दरडनकाशे ५० हजारास एक या प्रमाणावर काढलेले आहेत. म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर हा जमिनीवरील अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीची वाडी अशा नकाशावर दोन मिलिमीटर भरते. पेन्सिलीचे टोक बोथट असेल तर ती त्याखालीच झाकून जावी! संगणकाच्या पडद्यावर नकाशा कितीही मोठा करून पाहता येतो. पण जो तपशील मुळात टिपलाच नाही, तो मोठा केल्याने उत्पन्न होत नाही. या नकाशाने शासनाला 'अमुक डोंगराकडे बारकाईने पाहा' एवढेच सांगावयाचे असते. पुढचे पाहणे माणसांनी करावयाचे असते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्या राज्यकारभाराचे परिमाण महसुली गाव हे आहे. जनगणना, सातबारा, योजनांच्या याद्या, सारे काही गावाच्या नावाने चालते. अंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळ या खोऱ्यांत हिंडलेल्या माणसाला मात्र ठाऊक असते, की गावठाण खाली सपाटीवर असते आणि त्याच गावाची ठाकरांची वा कातकऱ्यांची वाडी वर उतारावर, कधी पाऊण तासाच्या चढणीवर असते. दप्तरात ती खालच्या गावाच्या नावात विरून जाते. २०२० साली देशभर सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते. महाराष्ट्रात तिचा पूर्वप्रयोग आपल्याच जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, सोनोरी येथे झाला होता. परंतु जी वाडी वनजमिनीवर किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या डोंगरावर वसली आहे, तिला गावठाणच नसते. मग मोजावयाचे काय?

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा वादही याच मुद्द्यावर अडखळत आला आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात सुमारे नऊ किलोमीटर लांब-रुंद चौकोन मांडले व तालुका हे परिमाण धरले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये २४ मीटरच्या तपशिलाची उपग्रहचित्रे वापरली, गाव हे परिमाण धरले आणि ज्या गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील ठरले, ते अख्खे गाव आत घेतले. दुसऱ्या समितीचे तंत्र अधिक सूक्ष्म, यात शंका नाही. पण २४ मीटरचा एक चौकोन म्हणजे साडेपाच गुंठ्यांहून अधिक जमीन. एखादे घर, अंगण, गोठा आणि परसातील आंबा त्यात मावतो. तेव्हा आपले शेत आत का गेले आणि शेजारच्या टेकडीवरचे बंगले बाहेर का राहिले, असे शेतकऱ्याने विचारले, तर त्याला पर्यावरणाचा शत्रू ठरविण्याचे कारण नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकास येथे पुणे जिल्ह्याचाच एक जुना दाखला आठवतो. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल या अधिकाऱ्याने या जिल्ह्यातील जमिनींची मोजणी करून रिकार्डोच्या खंडसिद्धान्तानुसार साऱ्याचे दर बसविले. गणित निर्दोष होते. परंतु शेतावरून आलेली माहिती चुकीची व भ्रष्ट होती, सारा डोईजड झाला आणि लोक जमिनी सोडून जाऊ लागले. पुढे १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांना ते काम नव्याने करावे लागले. त्यांची पद्धत सिद्धान्तदृष्ट्या साधी होती. पण ती बांधावर तपासता येत होती, म्हणून टिकली.

मावळातील माणूस नकाशाकडे संशयाने पाहतो, त्यालाही इतिहास आहे. त्याच्या अनुभवाला आलेला नकाशा बहुधा काहीतरी घेण्यासाठीच आलेला आहे. मुंबईच्या विजेसाठी लोणावळा, वळवण, शिरवटा येथे पाणी अडले व खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले. ठोकळवाडीच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सत्याग्रह झाला. मग पवनेचे धरण, मग द्रुतगती मार्ग. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या तीन शेतकऱ्यांचा बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला. त्या वाहिनीची रेघही कोणत्या तरी नकाशावर आधी ओढली गेलेली होतीच. अशा मुलखात दरडीचा नकाशा घेऊन गेलेल्या अधिकाऱ्याला 'आता काय नेणार?' असा प्रश्न आला, तर नवल वाटू नये.

नकाशा ही सार्वजनिक वस्तू होय. एकाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही; खर्च येतो तो सिद्ध करण्याचा व अद्ययावत ठेवण्याचा. अशा वस्तू बाजार पुरेशा प्रमाणात पुरवीत नाही, हे आपण वर्गात शिकवितो. लोणावळ्यात त्याचा प्रत्यय येतो. खासगी नकाशासेवांवर हॉटेले, चिक्कीची दुकाने, धबधबे बिनचूक सापडतात, कारण तेथे ग्राहक आहे. वाडी ही कोणाची ग्राहक नाही. म्हणून तिचा नकाशा सरकारनेच केला पाहिजे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरील जुने निर्बंध सैल केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ही सेवा आली. खोदणाऱ्याने आधी सूचना द्यावी आणि जमिनीखालील तारा व नळ तुटू नयेत, हा तिचा हेतू. एक खाते तार टाकते आणि दुसरे ती तोडते, हा आपल्या शहरांचा नित्याचा अनुभव पाहता ही सोय स्वागतार्हच आहे. तारेला मालक असतो व तुटल्यास तो नुकसानभरपाई मागतो, म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. उताराचे तसे नाही. घराच्या पायासाठी डोंगर कापण्याची परवानगी एका कचेरीची, झाडे दुसऱ्या खात्याची, ओढा तिसऱ्याचा. आणि डोंगर खाली आला की जबाबदारी आपत्ती व्यवस्थापनाची.

केवळ माहितीने काय होते, हे १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात दिसले. इंद्रायणीवरील तो जुना लोखंडी पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. तरी पूल माणसांनी भरला, कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले.

योगायोग असा, की ३० जुलै २०२५ रोजी, म्हणजे माळीणच्या दुर्घटनेला अकरा वर्षे झाली त्याच दिवशी, 'निसार' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. आषाढ-श्रावणात मावळावर ढग दाटले की साध्या उपग्रहचित्रात पांढऱ्या आच्छादनाखेरीज काही दिसत नाही. 'निसार'चे रडार ढगांतून पाहू शकते व जमिनीचे काही सेंटिमीटरांचे सरकणेही टिपू शकते. हे सामर्थ्य वाडीच्या उपयोगी पडावयाचे, तर आधी वाडी नकाशावर हवी. वडगावच्या तहसील कचेरीने तालुक्यातील प्रत्येक वाडीची, मग ती कोणाच्याही जमिनीवर असो, घरे आणि वरचा उतार पायी फिरून मोजावा. दरवर्षी मे महिन्यात तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. उतारावर पडलेली भेग, जागा बदललेला झरा, नवा कापलेला रस्ता या गोष्टी वाडीतील म्हाताऱ्यांना प्रथम कळतात; त्यांचे सांगणे नकाशात नोंदविण्याची तरतूद असावी. हे काही अपूर्व नाही. वनहक्क कायद्याच्या २०१२ साली दुरुस्त झालेल्या नियमांनी उपग्रहचित्राला पूरक पुराव्याचेच स्थान दिले आहे. इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. वनहक्काच्या दाव्यात जे चालते ते दरडीच्या बाबतीत का चालू नये?

आणि नकाशावर प्रत्येक वाडीपुढे एका अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे. किती पाऊस झाला म्हणजे वाडी खाली हलवावयाची, कोणत्या शाळेत हलवावयाची आणि तो हुकूम रात्री दोन वाजता कोण देणार, हे जूनच्या आधी ठरलेले असले पाहिजे. माणसे खाली आली आणि दरड पडली नाही, तर त्या अधिकाऱ्याला खुलासा विचारला जाऊ नये, एवढेही त्याच कागदावर लिहावे.