परिचर्येचे दार पदवीधरांस उघडा

कामठीच्या शेठ केसरीमल पोरवाल महाविद्यालयातून दरवर्षी अनेक मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांपैकी एखाद्या कलाशाखेच्या पदवीधर मुलीने रुग्णसेवेस वाहून घ्यावयाचे ठरविले, तर आपली शिक्षणव्यवस्था तिला काय सांगते? पदवी पेटीत ठेव आणि बारावीच्या मुलींच्या रांगेत उभी राहा, असेच ना?

हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे. परिचर्येच्या चार वर्षांच्या पदवीस बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान विषय लागतात. तेव्हा ते दार तिला बंदच. उरली जीएनएम ही तीन वर्षांची पदविका. तीवर दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी, मग एक वर्षाचा अनुभव, आणि शेवटी अतिदक्षता परिचर्येतील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. एकूण आठ वर्षे! मध्यम स्थितीतील किती घरांना हा खर्च आणि ही प्रतीक्षा झेपेल?

‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही कल्पना १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी प्रत्यक्षात आणली. रुग्णास तपासावे, साध्या दुखण्याचे निदान करावे, ठरलेल्या मर्यादेत औषध द्यावे आणि अवघड रुग्ण वेळीच डॉक्टरांकडे धाडावा, असे हे काम आहे. १९७४ साली येल विद्यापीठाने अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी तीन वर्षांचा स्वतंत्र मार्ग काढला. त्यात क्रम मात्र सोडलेला नाही. आधी परिचारिकेचे मूळ शिक्षण, मगच विशेष शिक्षण.

यावर असा आक्षेप येईल की, घाईने तयार केलेल्या परिचारिकेच्या हाती रोग्याचा जीव कसा सोपवावा? हा आक्षेप रास्त आहे आणि तो आम्हांस मान्यही आहे. नाडी, श्वास, ताप यांचे बदलते रंग ग्रंथ वाचून कळत नाहीत. त्यासाठी खाटेजवळ रात्री काढाव्या लागतात. परंतु भाषा, समाजशास्त्र, मानसशास्त्र यांसारखे विषय जिने पदवीपर्यंत अभ्यासले आहेत, तिला ते पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकविण्यात कोणाचे हित आहे? वाचवावयाचा तो वर्गातला वेळ वाचवावा. रुग्णालयातील एक तासही कमी करू नये.

आधीचे शिक्षण जमेस धरण्याचे तत्त्व सरकारला अमान्य आहे असेही नाही. २०१८ सालच्या आयुष्मान भारत योजनेत परिचारिकांना व आयुर्वेदाच्या पदवीधरांना सहा महिन्यांचे शिक्षण देऊन समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्याची सोय झाली. त्या उमेदवारांना रुग्णसेवेचा पाया होता म्हणून सहा महिने चालले. ज्यांना तो पाया नाही त्यांना अधिक काळ लागेल, हे उघड आहे. परंतु तो आठ वर्षांचाच का असावा?

१९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली त्या संस्थेने सुशिक्षित घरांतील स्त्रियांना परिचर्येकडे वळविले, तेव्हा समाज या कामाकडे तुच्छतेने पाहत होता. आज समाजाचा विरोध ओसरला असून नियमांचा अडसर उरला आहे.

राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला आहे. त्याचा आधार घेऊन राज्य सरकारने व नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदवीधरांसाठी वेगळा मार्ग आखावा आणि नागपूरच्या मेडिकल व मेयो रुग्णालयांत त्याचा प्रथम प्रयोग करावा, अशी आमची मागणी आहे. त्याबरोबरच पद, वेतनश्रेणी आणि औषध लिहिण्याची मर्यादा ही तिन्ही आधी कायद्याने ठरवावीत. नुसत्या प्रमाणपत्राने रुग्णाचे दुखणे हटणार नाही, की त्या मुलीचा संसारही चालणार नाही.